कागदावर १४० मीटर, जागेवर ९२ मीटर: ग्रामसभेच्या तयारीसाठी मदत हवी

वेशीवरचा (२४ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण पूर्ण वाचा.

माण तालुक्यातलं हजार-बाराशे मतदारांचं आमचं गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. वडील गेल्यावर पुण्यातली नोकरी सोडून आलो, त्याला आता तीन वर्षं झाली. आई, शेती आणि चार म्हशी असा संसार.

मारुतीच्या पाराला लागून एक जुना फळा आहे. त्यावर यात्रेची वर्गणी, कुणाचा दहावा कधी, डेअरीचं बिल कोणत्या वारी, असं लिहिलेलं असतं. जूनमध्ये देवस्थानच्या काकांना विचारून मी त्याचा डावीकडचा अर्धा भाग मागून घेतला आणि दर रविवारी त्यावर ग्रामपंचायतीचा हिशोब लिहायला लागलो. माहिती माझी नाही, सरकारचीच आहे. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपलं राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की पंधराव्या वित्त आयोगाचा किती पैसा आला आणि कोणत्या कामाला किती गेला, हे मोबाईलवर कुणालाही दिसतं. लॉगिन लागत नाही. गावात हे चार जणांना माहीत होतं, आणि त्या चौघांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिले दोन रविवार कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या रविवारी मी बंदिस्त गटाराचं काम लिहिलं. लांबी १४० मीटर, बिल पूर्ण अदा. संध्याकाळी वरच्या आळीतल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. त्यांना वाचता येत नाही. नातवानं एकेक अक्षर लावून वाचलं. आजींनी त्याला परत वाचायला लावलं आणि मला म्हणाल्या, "आरं, समदी गटार झाली म्हनतोस, मग माझ्या दारात पानी का तटतंय?"

दुसऱ्या दिवशी दोन पोरांना घेऊन मी टेप लावली. तीस मीटरची टेप तीनदा पूर्ण सुटली आणि चौथ्यांदा दोन मीटरवर काँक्रीट संपलं. तिथून पुढं नुसता उघडा चर, त्यात काळं पाणी, आणि चराच्या तोंडाशी आजींचा उंबरा.

आता मूळ अडचण. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी प्रश्न विचारला. सरपंच माझ्या भावकीतल्या वहिनी आहेत, पण सभेत बोलतात ते त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा. दादा म्हणाले, विषयपत्रिकेत नाही. विषय तिथंच संपला. पण मला खरं लागलं ते वेगळंच. दारातच प्रोसिडिंग बुकवर सह्या घेत होते, आणि ते पान वरपासून खालपर्यंत कोरं होतं. आधी आमच्या सह्या, ठराव मागाहून. ८३ जणांनी सह्या केल्या, मीही केली. घरी येईपर्यंत ते डोक्यात आलं नाही.

त्याच रात्री कुणीतरी ओल्या फडक्यानं फळा पुसला. माझा अर्धा भाग तेवढा. डेअरीचं बिल तसंच होतं.

२ ऑक्टोबरला पुढची सभा आहे. तोवर काय काय करू? फळा चालू ठेवू का? आई म्हणते, भावकीत कशाला वाकडं घेतोस.

---

पेठेतला (२४ ऑगस्ट)

फळा चालूच ठेवा. पुसला तर पुन्हा लिहा, आणि लिहिल्यावर दर वेळी तारखेसह फोटो काढून ठेवा.

आम्हा पुण्यातल्या लोकांना तुमचा हेवा वाटतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजबद्दल उभं राहून विचारावं अशी एकही कायदेशीर सभा आम्हाला नव्हती. तुम्हाला ती कायद्यानं दिली आहे.

आजींचा प्रसंग वाचून राजस्थान आठवलं. माहिती अधिकाराची मागणी तिथल्या गावांतून उठली. मजदूर किसान शक्ती संघटनेनं डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना इथं पहिली जनसुनवाई घेतली. या सुनावण्यांमध्ये पंचायतीची बिलं आणि मजुरांचे हजेरीपट लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवत. ज्यांची नावं हजेरीपटावर होती ती माणसं समोरच बसलेली असत. ती उठून सांगायची, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. पुढं १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणं झालं. वाचता न येणाऱ्या माणसाला कागद वाचून दाखवला की तो साक्षीदार होतो. आजींच्या नातवानं तेच केलं. तेव्हा फळ्यावर नुसतं लिहू नका, रविवारी पारावर मोठ्यानं वाचाही.

---

निवृत्त_भाऊसाहेब (२५ ऑगस्ट)

ग्रामसेवक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. २०२४ पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी भाऊसाहेबच. मी टेबलाच्या पलीकडून लिहितोय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी कोऱ्या पानाचं. हे फार गावांत चालतं आणि ते चूक आहे, मीही सुरुवातीच्या वर्षांत केलं आहे. एका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, सभा एकाच दिवशी, मग लिखाण रात्री. यावर उपाय भांडण नाही. सभा सुरू होताच शांतपणे एवढंच म्हणायचं: "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करावं." तो पहिला विषय असतोच. आणि सही करताना नावापुढं कंसात "उपस्थितीसाठी" असं लिहायचं. दहा जणांनी तसं लिहिलं की पान कोरं ठेवण्यात कुणाला अर्थ राहत नाही.

दुसरं, विषयपत्रिका. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, दवंडी होते. त्याच्या आधीच लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत. एक आवक नोंदवहीत लावायला सांगा आणि दुसरीवर पोच घ्या. सही, शिक्का, आवक क्रमांक, तारीख. पोच नसेल तर तो अर्ज तुम्ही दिलेलाच नाही, असं धरून चाला. पोच असेल तर "विषयपत्रिकेत नाही" हे वाक्य पुन्हा कुणी बोलणार नाही.

तिसरं, गणपूर्ती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी ते. तुमच्या गावाला १०० माणसं लागतात. तुम्ही ८३ सह्या म्हणता. म्हणजे सभा तहकूब व्हायला हवी होती. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि पुष्कळ गावांत नको ते विषय अशा दहा माणसांच्या तहकूब सभेत मंजूर होतात. तेव्हा १५ ऑगस्टची सभा कागदोपत्री कशी दाखवली आहे ते आधी पाहा.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. फळ्यावर "खाल्ले", "भ्रष्टाचार" असे शब्द चुकूनही लिहू नका. १४० हा आकडा अंदाजपत्रकातला असू शकतो. मधल्या पाइप मोऱ्या त्यात धरल्या असतील, किंवा कामाचा एखादा तुकडा दुसऱ्या आळीत झाला असेल. खरं काय ते मोजमाप वहीत कळेल. आम्ही तिला एमबी म्हणतो. तिच्यात लांबी, रुंदी, खोली असं प्रत्येक तुकड्याचं मोजमाप असतं आणि शाखा अभियंत्याची सही असते. ती हातात येईपर्यंत फळ्यावर दोनच ओळी: संकेतस्थळावर १४० मीटर, जागेवर ९२ मीटर. फरक वाचणाऱ्यानं काढावा.

---

चाकरमानी (२५ ऑगस्ट)

सगळे चांगले सल्ले देताहेत, पण काळजीपोटी एक लिहितो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. तुमच्या गावचं गटार आणि ते व्यवहार यांची तुलना होत नाही, मान्य. पण एकच माणूस प्रश्न विचारतोय असं चित्र गावात राहू देऊ नका. आईचं म्हणणं अगदीच वावगं नाही.

---

निवृत्त_भाऊसाहेब (२५ ऑगस्ट)

चाकरमानी, बरोबर बोललात. यावर एक उपाय आम्हा कर्मचाऱ्यांना फार जड जायचा. एकाच विषयाचा माहिती अधिकाराचा अर्ज दहा-बारा जणांनी वेगवेगळा करायचा. कुणाला समजावणार, कुणाच्या घरी जाणार?

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. माहिती का हवी ते सांगावं लागत नाही. मागायचं काय: गटाराच्या कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप वहीची पानं, देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. जोडीला कामाची प्रत्यक्ष पाहणी मागा, कलम २(ञ) मध्ये तो हक्क आहे. वही ग्रामपंचायतीकडे नसेल तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांचीच. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढं ती फुकट द्यावी लागते. मग पहिलं अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा स्टॅम्प.

एक मात्र जपा. लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती मागू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आहे आणि "व्यक्तिगत माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालंय. गटार कुणाची व्यक्तिगत माहिती नाही.

---

पंचगंगा (२६ ऑगस्ट)

मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते, राखीव जागेवरून. तुमच्या सगळ्यांच्या लिखाणात एक माणूस राहून गेलंय: सरपंच वहिनी.

तुम्ही प्रश्न सभेत विचारलात, उत्तर दादांनी दिलं, आणि तुम्ही दादांशीच बोलत राहिलात. मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला? २०११ पासून निम्म्या जागा आम्हा बायकांना आहेत. खुर्चीवर मी बसायचे आणि लोक माझ्या नवऱ्याकडे बघून बोलायचे. पहिली दोन वर्षं मला कुणी एक कागद वाचायला दिला नाही. सही कुठं करायची तेवढं बोटानं दाखवायचे. मी स्वतः विचारायला लागले ते एका बाईनं माझ्या हातात अर्ज दिल्यावर. ती म्हणाली, "ताई, हा तुमच्याकडंच द्यायचाय." अर्ज वहिनींच्या हातात द्या. घरी जाऊन, आईला बरोबर घेऊन. भावकी आहे ना, मग तिचा उपयोग करा.

दुसरी गोष्ट, नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. ती खरी भरवा. गटाराचं पाणी ओलांडून कोण जातं, डासांनी आजारी पडलेल्या पोराला मांडीवर घेऊन रात्रभर कोण बसतं? तिथं झालेला ठराव मोठ्या सभेपुढं येतो.

बायका येणार नाहीत असं समजू नका. आमच्याकडे दारू दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान झालं. आधी २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचं निवेदन लागतं. मग मतदानात गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. आलेल्या बायकांच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्या. पुण्या-मुंबईला गेलेली सून आली नाही की ते मत उभ्या बाटलीच्याच पदरात. आम्ही घरोघर याद्या घेऊन बसलो, कुणाची लेक कुठं आहे, कोणत्या एसटीनं येईल हे लिहून काढलं. मतदानाच्या सकाळी सहाच्या गाडीतून अकरा पोरी उतरल्या, एकीच्या कडेवर तीन महिन्यांचं बाळ. ज्या बायका हे करू शकतात त्या ग्रामसभेला नक्की येतील. त्यांना वेळ विचारून सभा ठेवा, धारा काढायच्या वेळेला ठेवू नका.

---

मोहफूल (२८ ऑगस्ट)

आमच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांनी ऐकलेलं असतं, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे. घोषणा सगळे सांगतात, तिच्यामागची मेहनत कुणी सांगत नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अभ्यासगट चालवला. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. पण त्याआधी महिनोन्‌महिने बसून तो विषय समजून घेणं अभ्यासगटात. २००९ मध्ये गावाला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावरही बांबू विकायला वाहतूक परवान्याचं पुस्तक हवं होतं, ते हातात यायला एप्रिल २०११ उजाडलं. त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते.

तुमच्या फळ्याजवळ रविवारी आठ-दहा माणसं बसली तर तोच तुमचा अभ्यासगट. त्यात दादांच्या बाजूचे दोघं बसवाच. ते नसतील तर तो गट न राहता पार्टी होते, आणि गावात दोन पार्ट्या झाल्या की गटाराला कुणी विचारत नाही.

---

मांडवीकाठ (२९ ऑगस्ट)

गोव्याहून. आमच्याकडे ग्रामसभा रविवारी असते आणि ती तापते. २००६ मध्ये 'प्रादेशिक आराखडा २०११', म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा आराखडा, अधिसूचित झाला, तेव्हा लोक गावोगाव नकाशे पसरून बसले. आपलं शेत, आपला डोंगर कोणत्या रंगात दाखवलाय ते प्रत्येकानं बोट ठेवून पाहिलं. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. नकाशा हा शब्द ऐकून कुणी घराबाहेर पडलं नव्हतं, स्वतःच्या शेतावर दुसराच रंग पाहून पडलं. तुमच्या फळ्यावर आकड्यांबरोबर गटाराचं साधं रेखाचित्र काढा. कुणाच्या दारापासून कुणाच्या दारापर्यंत झालं, कुठं थांबलं. घरं ओळखू आली पाहिजेत.

---

वेशीवरचा (२ ऑक्टोबर, रात्री)

आत्ताच जेवून बसलो. हात अजून थरथरतोय, चुका पोटात घाला.

ऑगस्टअखेर आईला घेऊन वहिनींकडे गेलो. अर्ज त्यांच्याच हातात दिला. दादा ओसरीवर होते, त्यांनी हात पुढं केला. वहिनींनी कागद तसाच धरून ठेवला, उभ्यानं पूर्ण वाचला आणि विचारलं, "भावजी, तुम्ही स्वतः मोजलंय?" मी हो म्हणालो. त्यांनी आत जाऊन चष्मा आणला आणि परत वाचला. पोच दुसऱ्या दिवशी कार्यालयात मिळाली.

माहिती अधिकाराचे अकरा अर्ज गेले. अकरावा आजींचा, अंगठ्याचा. स्टॅम्पचे दहा रुपये त्यांनी कनवटीचे काढून दिले, माझे घेतले नाहीत.

फळ्यावर रेखाचित्र काढलं. मारुती, दळणाची गिरणी, तीन घरं, मग तुटक रेघ, आणि शेवटी आजींचं घर. गिरणीवर दळायला येणारी प्रत्येक बाई ते पाहून गेली. एकदा पुसलं, आम्ही परत काढलं. त्यानंतर कुणी हात लावला नाही.

काल महिला ग्रामसभा झाली. ६४ बायका, सकाळी अकराला, धारा-स्वयंपाक उरकून. आजच्या सभेला ११७ जण. सुरुवातीला मागचं इतिवृत्त वाचायला सांगितलं. त्यात १५ ऑगस्टच्या सभेला "गणपूर्ती झाली" असं लिहिलेलं निघालं. ८३ सह्या तिथंच मोजल्या गेल्या. आमच्या गावचे भाऊसाहेब काही वेळ गप्प राहिले, मग दुरुस्ती लिहून घेतो म्हणाले, आणि सगळ्यांसमोर लिहून घेतली.

गटाराचा विषय आला तेव्हा दादा उठले. वहिनी म्हणाल्या, "मी बोलते." महिला सभेचा ठराव त्यांनीच वाचला. एका ओळीवर अडखळल्या, परत पहिल्यापासून वाचली. शेवटी म्हणाल्या, "अभियंत्यांना बोलवा, सगळ्यांसमोर मोजा, जे निघेल ते लिहा." ठराव आमच्या देखत लिहून झाला, वाचला गेला आणि मग त्याखाली सह्या झाल्या.

---

पंचगंगा (३ ऑक्टोबर)

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना एकटं पाडू नका. घरात आज काय वातावरण असेल ते मला माहीत आहे. पुढचा महिनाभर रोज कुणीतरी बाई त्यांच्याकडे सहज म्हणून जात राहू दे.

---

पेठेतला (३ ऑक्टोबर)

वाचून डोळे भरून आले. एक उपयोगी माहिती: पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं पाहू देतात. २०१८ मध्ये राज्य सरकारनं जिल्ह्यातल्या कार्यालयांनाही तसंच करायला सांगितलं. पंचायत समितीत सोमवारी जाऊन विचारून पाहा, अपिलाची वाट पाहत बसू नका.

---

वेशीवरचा (७ डिसेंबर)

उशिरा लिहितोय, कांद्याच्या लागणीत होतो.

पंचायत समितीत तीन सोमवार गेलो. तिसऱ्या सोमवारी वही दाखवली. मोजमाप वहीत १४० मीटर सलग लिहिलेलं आहे. मोरी नाही, दुसरी आळी नाही. नोव्हेंबरात दुसरे शाखा अभियंता आले, पन्नासेक माणसांसमोर टेप लागली. ९२. पंचनामा झाला, त्यावर वहिनींची सही आहे. उरलेले ४८ मीटर ठेकेदारानं पूर्ण करावेत अशी नोटीस निघाली आणि गेल्या बुधवारी खोदाई सुरू झाली. पहिल्या मोजमापाखाली सही कुणी आणि कशी केली याची चौकशी मागितली आहे, तिचं उत्तर आलेलं नाही. पहिलं अपील दाखल आहे. दादा माझ्याशी बोलत नाहीत. आई त्यांच्याकडे जाते-येते, परवा डबा देऊन आली.

आजींच्या दारात अजून पाणी आहे, पण चर खोदलाय आणि त्यावर त्यांनी एक फळी टाकून घेतली आहे.

आता पुढचं. पारावर रविवारी बारा-चौदा जण बसतात, त्यात दादांचा मेव्हणाही असतो. २६ जानेवारीसाठी विषय ठरला आहे: गायरानातली झाडं. गेल्या उन्हाळ्यात लिंबाची किती तोडली ते कुणालाच माहीत नाही. निवृत्त भाऊसाहेब, ग्रामपंचायतीचा नमुना ३३ म्हणजे वृक्ष नोंदवही ना? ती शेवटची कधी भरली ते पाहायला मागायचं आहे. अर्जाचा मसुदा उद्या इथं टाकतो, १५० शब्दांत बसवून द्या.